कॅम्पग्राउंडची वीज गाडीत घेण्याआधी

जुलै महिना, टेक्सास, दुपारचे चार. आमच्या आरव्हीच्या, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीच्या, छतावरचा एसी चालू होता, पण हवा कोमट. मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेले पोहे तीन मिनिटांनी बाहेर काढले तर तेही कोमटच. बायको म्हणाली, "मायक्रोवेव्ह बिघडलाय." मी मान डोलावली. एसी सुरू होताना एरवी एक धक्का द्यायचा आणि सुरळीत चालायचा. त्या दिवशी तो नुसता कण्हत होता. गाडीतले दिवे मात्र लख्ख, त्यामुळे विजेचा संशय आलाच नाही. संध्याकाळपर्यंत एसीचा कॉम्प्रेसर गेला. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला दुपारी आला, भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटर घातला आणि मला आकडा दाखवला: १०१ व्होल्ट. तिथे १२० असायला हवे होते.

लाज याची वाटली की मी ज्या घरात वाढलो तिथे फ्रीजशेजारी लोखंडी डब्याचा स्टॅबिलायझर होता. त्याचा काटा खाली घसरला की आई न सांगता फ्रीजचं बटण बंद करायची. कमी व्होल्टेजनं कॉम्प्रेसर जळतो हे मला शाळेत जायच्या वयात माहीत होतं. पण अमेरिकेत आल्यावर वीज ही गृहीत धरायची गोष्ट झाली. इथल्या घरात ते चालतं. कॅम्पग्राउंडवर चालत नाही.

म्हणून हा लेख, पहिल्यांदाच आरव्ही भाड्यानं किंवा विकत घेणाऱ्यांसाठी. यातलं सगळं अमेरिका आणि कॅनडाच्या १२० व्होल्टच्या वायरिंगला लागू आहे. युरोपात किंवा ऑस्ट्रेलियात कॅम्परव्हॅन घेणार असाल तर तिथे २३० व्होल्ट असतात आणि प्लगही निराळे, तेव्हा इथले आकडे तिकडे नेऊ नका.

आधी आपला प्लग ओळखा

कॅम्पग्राउंडवर प्रत्येक जागेशी कमरेएवढ्या उंचीची एक विजेची पेटी असते. तिला पेडेस्टल म्हणतात. झाकण उघडलं की आत दोन-तीन सॉकेट आणि प्रत्येकाचा ब्रेकर. आपल्या कामाची सॉकेट दोन.

एक ३० अँपचं, टीटी-३०. तीन भोकं: एक गोल, ती अर्थिंगची, आणि दोन तिरक्या फटी. एकच 'गरम' तार, म्हणजे वीज आणणारी, १२० व्होल्ट. म्हणजे गाडीला मिळणार ३,६०० वॉट. लहान-मध्यम ट्रेलर आणि एका एसीच्या मोटरहोमला हा प्लग असतो.

दुसरं ५० अँपचं, चार भोकांचं, १४-५०. नावावरून वाटतं की हे तीसच्या पावणेदोन पट असेल. तसं नाही. यात दोन गरम तारा असतात, प्रत्येकीवर ५० अँप, म्हणजे एकूण १२,००० वॉट. तिपटीहून जास्त. दोन किंवा तीन एसीच्या मोठ्या गाड्यांना हा लागतो.

गाडी भाड्यानं घेताना मालकाला दोनच प्रश्न विचारा: प्लग कितीचा आहे, आणि सोबत ईएमएस देणार का? दुसऱ्या प्रश्नावर अनेकदा "ते काय असतं?" असं उत्तर येतं. ते म्हणजे खराब वीज आली की पुरवठा तोडणारं यंत्र, त्याकडे येतोच.

खरा धोका कशाचा

नवीन माणूस 'सर्ज'ला घाबरतो, म्हणजे विजेच्या अचानक येणाऱ्या उसळीला. दुकानातही 'सर्ज प्रोटेक्टर' हेच नाव मोठ्या अक्षरांत असतं. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. उसळी क्वचित येते. कमी व्होल्टेज मात्र उन्हाळ्यात रोज दुपारी येतं, आणि चुकीचं वायरिंग तर तुमची वाटच पाहत बसलेलं असतं.

कमी व्होल्टेज का येतं? अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये आरव्ही पार्कसाठी वेगळा नियम आहे. सगळे जण एकाच वेळी पूर्ण वीज ओढणार नाहीत असं धरून, ३६ किंवा त्याहून जास्त जागा असलेल्या पार्कला मुख्य पुरवठा एकूण भाराच्या ४१ टक्के धरून आखता येतो. वर्षातले बहुतेक दिवस हा हिशेब बरोबर ठरतो. पण चार जुलैच्या सुट्टीत, १०४ डिग्री फॅरेनहाइटच्या दुपारी, पार्क भरलेला असताना प्रत्येक छतावरचे एसी एकदम धावतात आणि तो हिशेब कोलमडतो. पार्क जुना असेल, म्हणजे गाड्यांवर एसी असलाच तर एखादाच असायचा तेव्हाचा, तर आणखीच. त्यात तुमची जागा रांगेच्या शेवटच्या टोकाला असली तर लांब तारेत व्होल्टेज वाटेतच गळतं. माझी तशीच होती. ओढ्याकाठची, सावलीची, सगळ्यांत सुंदर जागा.

हीटरला कमी व्होल्टेज मिळालं तर तो कमी तापतो आणि गप्प बसतो. मोटरचं तसं नसतं. तिला ठरलेलं ओझं ओढायचंच असतं, म्हणून ती जास्त अँप खेचते. जास्त अँप म्हणजे वाइंडिंग जास्त गरम. आणि सुरू होतानाचा झटका देण्याइतकाही जोर नसला तर ती जागीच अडकून घुमत राहते. माझा एसी कण्हत होता तो यामुळे. दिवे लख्ख होते कारण गाडीतले दिवे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, त्यांचा पेडेस्टलशी थेट संबंध नाही. दिवे पाहून वीज चांगली आहे असं कधीही ठरवू नका. त्यापेक्षा पोहे खरं बोलतात.

आकडे असे ध्यानात ठेवा. वीज कंपनीनं मीटरपर्यंत साधारण ११४ ते १२६ व्होल्ट पोचवावेत असा इथला मापदंड आहे. गाडीत ११० च्या वर असेल तर निवांत राहा. १०८ च्या खाली गेलं की मी एसी बंद करतो. १०४ च्या खाली बऱ्याच संरक्षक यंत्रांचा पुरवठा आपोआप तुटतो. वरच्या बाजूला ती मर्यादा १३२ असते.

न्यूट्रल सुटला तर

हा प्रकार फक्त ५० अँपवाल्यांसाठी, पण सगळ्यांत महागात पडणारा. ३० अँपवर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटला तर गाडीत वीजच येत नाही, बाकी काही होत नाही.

५० अँपच्या दोन गरम तारांमध्ये आपापसांत २४० व्होल्ट असतात. न्यूट्रल मधोमध उभा राहून दोघींना १२०-१२० वाटून देतो. तराजूची मूठ समजा. ती मूठ सुटली, म्हणजे पेडेस्टलमधला न्यूट्रलचा स्क्रू सैल झाला किंवा भोक झिजून पिन नीट टेकली नाही, की दोन्ही बाजूंची उपकरणं एकामागोमाग एक जोडल्यासारखी होतात आणि २४० व्होल्ट त्यांच्यात मन मानेल तसे विभागले जातात. समजा एका बाजूला एसी चालू आहे, रोध साधारण १० ओहम. दुसऱ्या बाजूला टीव्ही, १०० ओहम. तर टीव्हीच्या वाट्याला जवळजवळ २१८ व्होल्ट येतात आणि एसीला २२. टीव्ही, कन्व्हर्टर (१२० व्होल्टवरून १२ व्होल्टची बॅटरी भरणारं यंत्र), मायक्रोवेव्हचं कंट्रोल बोर्ड काही क्षणांत जातं. ब्रेकर पडत नाही, कारण अँप वाढलेलेच नसतात, वाढलेलं असतं ते व्होल्टेज.

हे कुठलीही साधी पॉवर स्ट्रिप थांबवू शकत नाही. माणसाच्या हातालाही तेवढा वेग नसतो. इथे यंत्रच लागतं.

गाडीच्या अंगावर करंट

उपकरण जळलं तर पैसे जातात. हा प्रकार जिवावर बेततो. पेडेस्टलमधलं अर्थिंग तुटलेलं असेल आणि गाडीत कुठे तरी गळती असेल, तर गाडीचा सगळा धातूचा सांगाडा करंट धरतो: दरवाजाची कडी, पायरी, बंपर. आत बसलेल्याला काही जाणवत नाही. पण पोहून आलेलं पोर ओल्या पायांनी गवतावर उभं राहून कडीला हात लावतं तेव्हा करंट त्याच्यातून जमिनीत जातो. "दाराला हात लावला की जरा झिणझिण्या येतात" असं कुणी म्हटलं तर हसण्यावारी नेऊ नका. त्याच क्षणी सगळ्यांना गाडीपासून लांब करा आणि वीज तोडा.

आपल्याकडे तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून काम भागवणारे महाभाग आपण पाहिलेत. इथेही अर्थिंगची पिन कापलेल्या एक्स्टेंशन वायरी सापडतात. असली वायर फुकट मिळाली तरी घेऊ नका.

यावरचा उपाय स्वस्त आहे. न टेकवता करंट ओळखणारं पेन, म्हणजे नॉन-कॉन्टॅक्ट टेस्टर, वीस-पंचवीस डॉलरला हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. आधी चालू असलेल्या एखाद्या सॉकेटजवळ नेऊन ते वाजतं का पाहा, म्हणजे पेनमधला सेल जिवंत आहे हे कळेल. मग गाडीच्या कडीजवळ, बंपरजवळ न्या. वाजलं तर हात लावायचा नाही.

हे पेन जवळ हवंच असं म्हणण्याचं आणखी एक कारण आहे. आरव्हीच्या विजेवर वर्षानुवर्षं लिहिणारे माइक सोकोल यांनी एका खास चुकीकडे लक्ष वेधलं. जुन्या वायरिंगमध्ये कुणी तरी अर्थिंग नाही म्हणून सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडतो, आणि गरम तार व न्यूट्रल यांची अदलाबदलही झालेली असते. मग अर्थिंगच्या पिनवरच १२० व्होल्ट येतात. तीन दिव्यांचा साधा टेस्टर अशा सॉकेटला "सगळं ठीक" म्हणतो. मीटरवरचे आकडेही बरोबर दिसतात. ईएमएसलाही ते कळत नाही. पेन मात्र वाजतं.

खरेदी: काय घ्यायचं, काय नाही

बाजारात एकाच आकाराचे दोन डबे दिसतात आणि किमतीत मोठा फरक असतो. शंभर डॉलरच्या आसपासचा तो नुसता सर्ज प्रोटेक्टर. उसळी आली तर तो स्वतः मरून गाडीला वाचवतो, आणि वायरिंग चुकलं असेल तर दिवा लावून सांगतो. पण व्होल्टेज ९८ झालं तरी वीज आत जाऊ देतो. दुसरा ईएमएस, साधारण अडीचशे ते पाचशे डॉलर, ३० अँपचा स्वस्त, ५० चा महाग. हा व्होल्टेज सतत मोजतो, मर्यादेबाहेर गेलं, तारा उलट्या असल्या, अर्थिंग नसलं की पुरवठाच तोडतो, आणि वीज पूर्ववत झाली तरी लगेच जोडत नाही. दोन मिनिटांहून थोडं जास्त थांबतो, कारण कॉम्प्रेसर बंद होताच परत सुरू करणं त्याला मानवत नाही. आईचा स्टॅबिलायझरही 'टक्' करायला असाच वेळ घ्यायचा.

प्रोग्रेसिव्ह इंडस्ट्रीज, ह्यूजेस, साउथवायर या कंपन्यांची अशी यंत्रं इथे सर्रास दिसतात. कुठलंही घ्या, पण डब्यावर कमी व्होल्टेजला पुरवठा तोडतो असं लिहिलेलं आहे का, तेवढं वाचा. नसेल तर तो पहिला डबा आहे.

पेडेस्टलला लटकवायचा आणि गाडीच्या आत कायमचा बसवायचा, असे दोन प्रकार मिळतात. भाड्याची गाडी असेल तर लटकवायचाच. स्वतःच्या गाडीत आत बसवलेला बरा: पावसात भिजत नाही आणि चोरीलाही जात नाही.

ऑटोफॉर्मर नावाचं आणखी एक जड खोकं असतं. ते व्होल्टेज वाढवून देतं, आपल्या स्टॅबिलायझरच्या जातीचं. ११३-११५ च्या खाली गेलं की साधारण १० टक्के चढवतं. उन्हाळाभर दक्षिणेत राहणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. पण फुकट काहीच मिळत नाही: तेवढेच वॉट हवेत तर पेडेस्टलमधून अँप जास्त ओढले जातात आणि शेजाऱ्याचं व्होल्टेज आणखी थोडं पडतं. पहिल्या वर्षी हे घेऊ नका.

ईएमएस, पेन, साधा डिजिटल मल्टिमीटर, आणि ५० ते ३० व ३० ते १५ असे दोन अडॅप्टर. एवढं सामान पुरे. अडॅप्टरना इथे त्यांच्या आकारावरून 'डॉगबोन' म्हणतात.

पोचल्यावर: हाच क्रम

गाडी लेव्हल करायच्या आधी, ट्रेलर सोडायच्या आधी, पोरांना खाली उतरू द्यायच्याही आधी पेडेस्टल पाहा. वीज खराब निघाली तर जागा बदलून मागायची असते, आणि सगळा पसारा मांडल्यावर ते जिवावर येतं.

१. झाकण उघडताना जरा बाजूला उभे राहा. पेडेस्टलमध्ये गांधीलमाश्या घर करतात, टेक्सासमध्ये लाल मुंग्याही. पेटीच्या धातूजवळ आधी पेन धरा. वाजलं तर तिथूनच परत फिरा आणि ऑफिसला कळवा.

२. सॉकेट डोळ्यांनी तपासा. भोकांभोवती तपकिरी डाग, वितळलेलं प्लास्टिक, जळका वास यांतलं काही दिसलं तर ते सॉकेट वापरू नका. ३० अँपची सॉकेट या बाबतीत बदनाम आहेत, कारण लोक ब्रेकर चालू ठेवूनच प्लग ओढतात आणि ठिणग्यांनी पिना खराब होतात.

३. ब्रेकर बंद करा. तो आधीच बंद असेल तरी एकदा चालू-बंद करून पाहा. ढिला, लुळा वाटला तर जागा बदला.

४. नुसता ईएमएस लावा, गाडीची वायर अजून नाही. ब्रेकर चालू करा. दोन-तीन मिनिटं थांबा. पडद्यावर व्होल्टेज दिसेल, दोष असेल तर त्याचा कोड दिसेल. कोडचा तक्ता यंत्राच्या पाठीवर चिकटवलेला असतो. नसेल तर फोनमध्ये फोटो काढून ठेवा.

५. मीटर वापरता येत असेल तर ईएमएस लावण्याआधी तोही घाला (ब्रेकर चालू करून, मग परत बंद), कोरड्या हातांनी, फक्त प्लास्टिकच्या भागाला धरून. ३० अँपवर: गरम ते न्यूट्रल १२०, गरम ते अर्थिंग १२०, न्यूट्रल ते अर्थिंग शून्याच्या आसपास. ५० अँपवर दोन्ही गरम तारांचं न्यूट्रलशी १२०-१२०, आणि त्या दोघींमध्ये २४०. तिथे २४० ऐवजी शून्य दिसलं तर दोन्ही तारा एकाच बाजूवर जोडल्यात. मग दोघींचा करंट न्यूट्रलमध्ये वजा न होता बेरीज होतो आणि एकटा न्यूट्रल तापतो. अशा जागी दोन्ही एसी एकदम लावू नका, शक्यतो राहूच नका. मीटरची सवय नसेल तर ही पायरी सोडा. भीतभीत केलेलं काम इथे वाईट.

६. ब्रेकर पुन्हा बंद. गाडीतला एसी, पाणी तापवायचा हीटर, सगळं बंद आहे ना पाहा. आता गाडीची वायर ईएमएसला जोडा, पूर्ण आत जाईपर्यंत दाबा. वायर पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळलेल्या वेटोळ्यात उष्णता साचते. आणि मग ब्रेकर चालू.

७. गाडीला हात लावण्याआधी कडीजवळ पेन.

८. एसी चालू करा आणि अर्ध्या तासानं प्लगला हात लावून पाहा. कोमट चालतो. हात ठेववत नसेल तर भार काढा आणि सॉकेट बदलून घ्या.

सकाळी पोचलात तर हे सगळं छान दिसेल. तरीही दुपारी तीन ते सातच्या दरम्यान पडद्याकडे परत एकदा नजर टाका. माझ्या त्या जागेवर, जिथे दुपारी १०१ होते, तिथे सकाळी ११८ होते.

३० अँपात मराठी स्वयंपाक

व्होल्टेज पडण्यात अर्धा हात आपलाच असतो. कुठल्याही उपकरणावरच्या वॉटना १२० नं भागा, अँप मिळतात. छतावरचा १३,५०० बीटीयूचा एसी १२-१३ अँप, कडक उन्हात आणखी थोडे. पाणी तापवायचा विजेचा हीटर १२ च्या आसपास. मायक्रोवेव्ह १२-१३. १,५०० वॉटची किटली साडेबारा. इन्स्टंट पॉट ८-९. इंडक्शनची शेगडी पूर्ण जोरावर १५. कन्व्हर्टर बॅटरी भरत असेल तर त्याचे निराळे ३ ते ८.

म्हणजे एसी आणि पाण्याचा हीटर चालू असताना किटली लावली की ब्रेकर पडणारच. आणि सतत चालणारा भार २४ अँपच्या आत ठेवावा, तीसपर्यंत ताणू नये. आमच्याकडे आता रीत ठरली आहे: पाणी गॅसवर तापवायचं, कारण बहुतेक गाड्यांत त्या टाकीला दोन्ही सोयी असतात. वरणभात सकाळी नऊच्या आत इन्स्टंट पॉटमध्ये. चहा गॅसवरच, तो तसाही किटलीत चांगला होत नाही. दुपारी एसी एकटा राजा.

भारतातून आणलेल्या २३० व्होल्टच्या मिक्सरमध्ये चटणी वाटायला घेतलीत आणि तो रडत फिरला तर कॅम्पग्राउंडला दोष देऊ नका. त्याला निम्मंच व्होल्टेज मिळतंय. वाटण घरूनच करून आणा.

५० अँपची गाडी ३० च्या सॉकेटला डॉगबोन लावून चालते, पण मग दोन्ही बाजूंना मिळून ३० अँपच, हे विसरायचं नाही. उलट ३० अँपच्या गाडीनं ५० चं सॉकेट वापरणं अनेकदा फायद्याचं, कारण ते कमी झिजलेलं असतं. अडॅप्टर आधी, ईएमएस त्याच्या पुढे, मग गाडीची वायर. मात्र काही पार्क ५० अँपच्या जागेचे जास्त पैसे घेतात, तेव्हा विचारून घ्या. ३० आणि २० अशी दोन सॉकेट जोडून एक करणारा 'चीटर बॉक्स' कुणी देऊ केला तर नको म्हणा. २० च्या सॉकेटवरचा जीएफसीआय (करंटची गळती दिसताच वीज तोडणारी सोय) तो लगेच पाडतो.

मित्राच्या ड्राइव्हवेवर

मराठी माणसाची आरव्ही निम्म्या मुक्कामांत कुणाच्या तरी दारातच उभी असते. "हॉटेल कशाला, आमच्याकडे लावा" हा आग्रह मोडवत नाही. तिथे गॅरेजमधल्या १५ अँपच्या सॉकेटला, ३० ते १५ चा अडॅप्टर लावून, जाड वायरनं जोडा. १२ गेजची, शक्य तितकी आखूड. नारिंगी रंगाची लांबलचक बारीक वायर लावून एसी चालवलात तर कॅम्पग्राउंडसारखाच १०१ आकडा घरबसल्या मिळेल. अशा रात्री दिवे, फोन, बॅटरी भरणं आणि पंखा. एसी नाही.

गॅरेजचा जीएफसीआय सारखा पडत असेल तर बहुधा गाडीत कुठे तरी गळती आहे. पाण्याच्या हीटरचं विजेचं एलिमेंट हा पहिला संशयित. दुसरा, गाडीच्या आत कुणी न्यूट्रल आणि अर्थिंग एकत्र जोडलेत का. गाडीत ते वेगळेच असायला हवेत. मित्राच्या घरातलं दुसरं, जीएफसीआय नसलेलं सॉकेट शोधणं हा उपाय नव्हे.

आणि हौसेनं घरी ३० अँपचं सॉकेट बसवून घेणार असाल तर इथे सावध. आरव्हीची कल्पना नसलेल्या इलेक्ट्रिशियनला ३० अँप म्हटलं की कपडे वाळवायचं यंत्र आठवतं, आणि तो सवयीनं दोन गरम तारा जोडतो. १२० च्या सॉकेटवर २४० येतात आणि गाडी लावताच कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह, टीव्ही सगळं एकदम जातं. त्याला शब्दशः हे सांगा: टीटी-३०, १२० व्होल्ट, एका पोलचा ३० अँप ब्रेकर. पॅनेलमध्ये दोन दांड्या जोडलेला रुंद ब्रेकर दिसला तर काम चुकलंय. गाडी लावण्याआधी मीटरनं मोजा, मग कितीही ओळखीतला इलेक्ट्रिशियन असो.

वादळ, जनरेटर आणि रात्र

जवळ वीज कडाडत असेल तर ईएमएसवर विसंबू नका. वीज थेट पडली तर तो काही करू शकत नाही. वादळ येण्याच्या आधीच, पाऊस सुरू होण्यापूर्वी, ब्रेकर बंद करून प्लग काढा आणि बॅटरीवर राहा. फ्लोरिडात उन्हाळ्यात हे जवळजवळ रोजच करावं लागतं. पावसात, चिखलात उभं राहून मात्र प्लगशी खेळू नका. तेव्हा फक्त आत बसा.

लहान पोर्टेबल जनरेटरला ईएमएस जोडला की तो "अर्थिंग नाही" म्हणून वीज नाकारतो. बहुतेक वेळा जनरेटर बिघडलेला नसतो, त्याचा न्यूट्रल मोकळा ठेवलेला असतो. त्यासाठी न्यूट्रल आणि अर्थिंग जोडणारा छोटा प्लग मिळतो, जो जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये बसतो. तो पेडेस्टलवर कधीही लावायचा नाही. राष्ट्रीय उद्यानांत जायचं तर जनरेटरची गरज पडू शकते, कारण तिथल्या बहुतेक कॅम्पग्राउंडवर वीजच नसते. यलोस्टोनमध्ये हुकअप असलेलं एकच आहे, फिशिंग ब्रिज.

रात्री ईएमएसनं पुरवठा तोडला तर एसी बंद पडेल, पण दिवे चालू राहतील, आणि गॅस-वीज दोन्हीवर चालणारा फ्रीज 'ऑटो'वर असेल तर आपोआप गॅसवर जाईल. अशा वेळी यंत्रावर चिडून ते काढून टाकायचा मोह होतो. गरमीत पोरं किरकिर करत असतात तेव्हा फार होतो. त्याआधी पडदा पाहा: १०३ दिसत असेल तर तो त्याचं काम करतोय. भार कमी करा, थोडं थांबा, सकाळी ऑफिसला आकडा आणि वेळ सांगून दुसरी जागा मागा. "एसी नीट चालत नाही" म्हटलं तर ते तुमच्या एसीला दोष देतील. "काल रात्री नऊला पेडेस्टलवर १०३ होते" म्हटलं की माणूस मीटर घेऊन येतो.

निघताना

एसी आणि हीटर बंद, मग ब्रेकर बंद, मग गाडीची वायर, शेवटी ईएमएस. आल्याच्या बरोबर उलट. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का ते वायर गुंडाळताना पाहा, म्हणजे पुढच्या मुक्कामाआधी बदलता येईल.

घाईत लोक तीनशे डॉलरचं ते यंत्र पेडेस्टलवरच लटकत ठेवून निघून जातात. मीही एकदा चाळीस मैल परत आलो आहे. आता ईएमएसला साखळी आणि छोटं कुलूप असतं, आणि त्या कुलपाची किल्ली गाडीच्या किल्लीच्या रिंगमध्ये न ठेवता गाडीचीच किल्ली त्या कुलपाला अडकवून ठेवतो. गाडी सुरू करायची तर आधी पेडेस्टलपाशी जावंच लागतं.